वृषणनीला-अपस्फीती : शस्त्रक्रिया व लैंगिक कार्य

वृषणनीला-अपस्फीती : वृषणातील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नीलांचे जाळे विस्फारून, लांब होऊन वेडेवाकडे वळसे घेते, त्या विकृतीस वृषणनीला-अपस्फीती म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ती ‘व्हेरिकोसील’ या नावाने परिचित आहे. पायातील नीला फुगतात त्या विकारासारखीच ही अवस्था असून ती पुरुषाच्या वंध्यत्वाचे शस्त्रक्रियेने दूर करता येण्याजोगे सर्वांत सामान्य कारण मानली जाते. या विकृतीवरील शस्त्रक्रिया मुख्यतः प्रजननक्षमता सुधारण्यासाठी करतात. लैंगिक कार्यावर, म्हणजे कामेच्छा, शिश्नाचे उत्थान, रेतस्खलन व कामतृप्ती यांवर तिचा काय परिणाम होतो, हा प्रश्न रुग्णाच्या मनात मात्र अनेकदा पहिला असतो. प्रजननक्षमता व संभोगक्षमता ही दोन वेगळी कार्ये आहेत, हे लक्षात घेतल्यास या प्रश्नाचे उत्तर सुस्पष्ट होते.

शारीर : प्रत्येक वृषणाभोवती वेलीच्या तणाव्यांप्रमाणे गुंफलेले नीलांचे जाळे असते. जांघेतील वंक्षण नालातून वर जाताना या नीलांची संख्या कमी होत जाते व अखेरीस त्यांची वृषण नीला बनते. उजवी वृषण नीला अधोमहानीलेस तिरकस मिळते. डावी वृषण नीला उजवीपेक्षा लांब असून ती डाव्या वृक्क नीलेस जवळजवळ काटकोनात मिळते. उभे राहिल्यावर तिच्यातील रक्तस्तंभाचा भार अधिक असतो. शिवाय डावी वृक्क नीला महारोहिणी व ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणी यांच्या बेचक्यातून जात असल्याने तिच्यावर दाब पडण्याचा संभव असतो. नीलेतील झडपा नसल्या किंवा नीट मिटत नसल्या, तर रक्त उलट दिशेने वृषणाकडे उतरते आणि खालचे जाळे फुगते. म्हणूनच सु. ९०% रुग्णांत ही विकृती डाव्या बाजूस आढळते, काहींमध्ये ती दोन्ही बाजूंस असते. केवळ उजव्या बाजूस व अचानक उद्भवलेली अपस्फीती असल्यास उदराच्या मागील भागातील अर्बुदासारखे कारण शोधणे आवश्यक ठरते.

प्रमाण व निदान : दहा वर्षांखालील मुलांत ही विकृती क्वचित दिसते. पौगंडावस्थेत तिचे प्रमाण वाढते आणि प्रौढ पुरुषांपैकी सु. १५% व्यक्तींत ती आढळते. वंध्यत्वासाठी तपासणीस येणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४०% पर्यंत जाते. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. विकृती व वंध्यत्व यांचा संबंध आहे, परंतु अपस्फीती असलेल्या बहुसंख्य पुरुषांना संतती होते, त्यामुळे विकृती असणे म्हणजे वंध्यत्व असणे नव्हे.

बहुतेक रुग्णांस कोणताच त्रास नसतो. काहींना दीर्घकाळ उभे राहिल्यावर वृषणात जडपणा किंवा मंद वेदना जाणवते व आडवे झाल्यावर ती कमी होते. तपासणी रुग्णास उभे करून व पोटावर जोर देऊन श्वास कोंडण्यास सांगून करतात. असा जोर दिल्यावरच हातास लागणारी अपस्फीती पहिल्या, एरवीही हातास लागणारी दुसऱ्या व नुसत्या डोळ्यांना दिसणारी तिसऱ्या श्रेणीची समजतात. ही श्रेणीपद्धती डुबिन व अमेलार यांनी १९७० मध्ये मांडली. शंका असल्यास श्राव्यातीत ध्वनितरंगांचा उपयोग करणाऱ्या डॉप्लर तपासणीने रक्ताचा उलट प्रवाह दिसू शकतो. अंडवृद्धी (वृषणाभोवती द्रव साठणे) आणि अंतर्गळ या जांघेत वा मुष्कात फुगवटा आणणाऱ्या इतर विकारांपासून हिचे निदान वेगळे करावे लागते.

इतिहास : रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी इ. स. पहिल्या शतकात वृषणावरील फुगलेल्या नीलांचे वर्णन केले व त्या बाजूचे वृषण लहान होत असल्याची नोंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८९ मध्ये, बेनेट यांनी शस्त्रक्रियेनंतर रेताच्या गुणवत्तेत सुधारणा झाल्याचे नमूद केले. एडिंबरा येथील टलक यांनी १९५२ च्या सुमारास, रेतात शुक्राणू मुळीच नसलेल्या एका रुग्णावर दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया केल्यानंतर त्यास अपत्यप्राप्ती झाल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया वंध्यत्वावरील उपचार म्हणून सर्वत्र रूढ होत गेली.

वृषणाची दोन कार्ये : वृषणात दोन स्वतंत्र यंत्रणा शेजारी शेजारी नांदतात. शुक्रजनक नलिकांत शुक्राणू तयार होतात, तर नलिकांच्या मधल्या जागेतील लायडिख कोशिका टेस्टोस्टेरोन हे पौरुषजन हॉर्मोन तयार करून रक्तात सोडतात. पहिल्या यंत्रणेवर प्रजननक्षमता अवलंबून असते. दुसरीवर कामेच्छा, स्नायूंची व अस्थींची बळकटी, दाढीमिशा इ. पुरुषी लक्षणे अवलंबून असतात, शिवाय शुक्राणुनिर्मितीसही तिची गरज असते. दोन्ही यंत्रणांचे नियंत्रण पोष ग्रंथीच्या दोन वेगवेगळ्या हॉर्मोनांकडून होते.

शुक्रजनक नलिका अधिक नाजूक असतात. शुक्राणुनिर्मितीसाठी वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा सु. २° ते ४° से. कमी असावे लागते. नीलांच्या जाळ्यातील थंड रक्त शेजारच्या रोहिणीतील उष्णता शोषून घेते व हे तापमान राखते. जाळ्यात रक्त तुंबल्यावर ही योजना बिघडते, वृषण उबदार राहते, ऑक्सिजनाचा पुरवठा कमी पडतो व ऑक्सिडीकारक द्रव्यांमुळे शुक्राणूंच्या जनुकीय द्रव्यास इजा पोहोचते. परिणामी शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते आणि त्यांच्या आकारात दोष येतात. लायडिख कोशिका तुलनेने चिवट असल्यामुळे शुक्राणुनिर्मिती मंदावली, तरी बहुतेक रुग्णांतील टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण प्राकृत मर्यादेत राहते. वंध्यत्व असलेला पुरुष सामान्यतः संभोगक्षम असतो, याचे कारण हेच होय. तथापि या कोशिकाही पूर्णपणे सुरक्षित नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने ९,०३४ पुरुषांच्या पाहणीवर आधारलेला व १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. रेत सदोष असलेल्या पुरुषांत अपस्फीतीचे प्रमाण २५·४%, तर रेत प्राकृत असलेल्यांत ११·७% आढळले. अपस्फीती असलेल्या तीस वर्षांवरील पुरुषांतील टेस्टोस्टेरोनाची सरासरी त्याहून तरुण रुग्णांपेक्षा कमी होती. अपस्फीती नसलेल्या पुरुषांत असा फरक दिसला नाही.

उत्थान व स्खलन यांची यंत्रणा : शिश्नाचे उत्थान ही मूलतः रोहिण्या व तंत्रिका यांची क्रिया आहे. मेरुरज्जूच्या त्रिक विभागातून निघणाऱ्या परानुकंपी तंत्रिका श्रोणीत अष्ठीला ग्रंथीच्या दोन्ही कडांलगत खोलवर जाऊन शिश्नात शिरतात. त्यांच्या चेतनेने शिश्नातील रोहिण्या रुंदावतात, स्पंजासारख्या ऊतकात रक्त भरते आणि ते बाहेर नेणाऱ्या नीला दाबल्या जातात. शिश्नास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या श्रोणीतून येतात आणि त्याच्या अंतर्भागातील नीलाही श्रोणीतील जाळ्यास मिळतात. वृषणरज्जूतील नीलांच्या जाळ्याचा उत्थानात कोणताही सहभाग नसतो. शिश्नमुंडाची संवेदनाही वेगळ्या तंत्रिकेकडून वाहिली जाते.

रेतस्खलनाची क्रिया अनुकंपी तंत्रिकांच्या नियंत्रणाखाली रेतवाहिनी, रेताशय, अष्ठीला ग्रंथी व श्रोणितलाचे स्नायू यांच्या आकुंचनाने होते. स्खलित रेतापैकी बहुतांश द्रव रेताशय व अष्ठीला ग्रंथी यांच्याकडून येतो. वृषण व अधिवृषण यांचा वाटा सु. २ ते ५ टक्केच असतो. त्यामुळे शुक्राणूंची संख्या कमी झाली किंवा वाढली, तरी रेताच्या आकारमानात डोळ्यांना जाणवेल असा बदल होत नाही.

शस्त्रक्रियेच्या पद्धती : सर्व पद्धतींचे सूत्र एकच आहे. उलटा प्रवाह वाहणाऱ्या नीला बांधून तोडावयाच्या आणि रोहिणी, लसीकावाहिन्या व रेतवाहिनी शक्यतो अबाधित ठेवावयाच्या. रक्ताचा परतीचा प्रवाह यानंतर रेतवाहिनीलगतच्या व मुष्कातील इतर नीलांवाटे चालू राहतो. ईव्हानिसेव्हिच यांनी १९१८ मध्ये वंक्षण नालात छेद घेऊन नीला बांधण्याची पद्धत वर्णन केली. पालोमो यांच्या १९४९ मधील पद्धतीत छेद त्याहून वर घेऊन नीलेबरोबर वृषण रोहिणीही बांधली जाते. वृषणास रेतवाहिनीलगतची व वृषणरज्जूवरील स्नायूची अशा आणखी दोन रोहिण्यांकडून रक्त मिळत असल्यामुळे ते बहुधा टिकून राहते. १९८० नंतरच्या काळात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वंक्षण नालाच्या बाह्य द्वाराखाली लहान छेद घेण्याची पद्धत प्रचारात आली. तीत एक-दोन मिमी. व्यासाच्या रोहिण्या व लसीकावाहिन्या ओळखून वाचविता येतात. उदरगुहादर्शकाच्या साहाय्याने करावयाची शस्त्रक्रिया व नीलेत नलिका घालून ती आतून बंद करण्याची पद्धतही उपलब्ध आहे.

निरनिराळ्या अभ्यासांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात विकृती पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पालोमो पद्धतीनंतर सु. १५%, तर सूक्ष्मदर्शकीय पद्धतीनंतर सु. १% आढळले. लसीकावाहिन्या तुटल्यामुळे होणाऱ्या अंडवृद्धीचे प्रमाण अनुक्रमे सु. ८% व ०·५ टक्क्याहून कमी होते. यामुळे सूक्ष्मदर्शकीय पद्धती आज अधिक पसंत केली जाते.

लैंगिक कार्यावरील परिणाम : (अ) प्रत्यक्ष परिणाम. वरील विवेचनावरून हे उघड होईल की, शस्त्रक्रियेचे क्षेत्र जांघेत व उदराच्या खालच्या भागात असते. उत्थानाच्या तंत्रिका व रोहिण्या तेथे नसतात. रेतवाहिनी तोडली जात नाही. म्हणून योग्य रीत्या केलेल्या शस्त्रक्रियेमुळे शिश्नाचे उत्थान किंवा रेतस्खलन नष्ट होण्यास शारीरिक आधार नाही. जांघेतून जाणाऱ्या तंत्रिकांना ताण बसल्यास मुष्काच्या वरच्या भागाची, शिश्नमूळाजवळची किंवा मांडीच्या आतील बाजूची त्वचा काही काळ बधिर वाटते. ही बधिरता बहुधा हळूहळू कमी होते.

(आ) हॉर्मोनद्वारा परिणाम. वृषणाचे तापमान व रक्ताभिसरण सुधारल्यावर लायडिख कोशिकांचे कार्यही सुधारू शकते. न्यूयॉर्क येथील सू, गोल्डस्टीन व श्लेगेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वंध्यत्व असलेल्या ५३ रुग्णांतील टेस्टोस्टेरोनाची सरासरी शस्त्रक्रियेनंतर दर १०० मिलि. मागे ३१९ नॅनोग्रॅमांवरून ४०९ नॅनोग्रॅमांवर गेली. पुढील अनेक अभ्यासांतही याच दिशेने वाढ आढळली आहे. ज्यांचे प्रमाण मुळातच कमी असते त्यांच्यात ही वाढ ठळक असते, तर ज्यांचे प्रमाण प्राकृत असते त्यांच्यात ती अल्प असते किंवा होत नाही. टेस्टोस्टेरोन कमी असलेल्या रुग्णांपैकी काहींची कामेच्छा व उत्थान शस्त्रक्रियेनंतर सुधारल्याचेही प्रश्नावलीवर आधारलेल्या अभ्यासांत दिसते. मात्र अशा अभ्यासांपैकी अनेकांत शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांचा तुलनागट नाही आणि रक्तातील हॉर्मोनाची वाढ प्रत्येक रुग्णाच्या अनुभवात उतरतेच असे नाही. म्हणून ही सुधारणा संभाव्य लाभ समजावी, शस्त्रक्रियेचे निश्चित फल समजू नये.

(इ) मानसिक परिणाम. शस्त्रक्रियेनंतर उत्थानात येणाऱ्या अडचणींचे कारण पुष्कळदा मनात असते. वंध्यत्वाचे निदान झालेल्या पुरुषास आपले पौरुषच उणे आहे असे वाटू लागते. गर्भधारणेस अनुकूल दिवस मोजून ठरावीक वेळी करावा लागणारा समागम, तपासणीसाठी वारंवार द्यावे लागणारे रेत आणि कुटुंबीयांची विचारणा यांमुळे संभोग ही आनंदाची क्रिया न राहता परीक्षा बनते. अपयशाच्या भीतीने अनुकंपी तंत्रिका तंत्र उद्दीपित होते आणि ते उत्थानास थेट विरोध करते. गर्भधारणा झाल्यावर, किंवा ती होण्यापूर्वीही पतिपत्नींना योग्य समजूत मिळाल्यावर, हा अडथळा दूर होऊ शकतो.

गैरसमज : वंध्यत्व व नपुंसकत्व हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात, त्यातून पहिला घोटाळा होतो. दुसरा घोटाळा ‘नस’ या शब्दातून होतो. या शस्त्रक्रियेस सामान्य भाषेत ‘नस बांधणे’ म्हणतात व ती ऐकणाऱ्यास नसबंदीसारखी वाटते. नसबंदीत तोडली जाते ती रेतवाहिनी. येथे बांधली जाते ती रक्त वाहणारी नीला. एका शस्त्रक्रियेचा हेतू संतती थांबविण्याचा, तर दुसरीचा ती व्हावी असा आहे. दोहोंतही संभोगक्षमता जात नाही. आणीबाणीच्या काळातील (१९७५–७७) सक्तीच्या नसबंदीमुळे वृषणाजवळच्या कोणत्याही शस्त्रक्रियेविषयीची धास्ती समाजात अधिकच रुजली. तिसरा समज रेत गेल्याने शक्ती जाते हा होय. या समजुतीतून उद्भवणाऱ्या दुर्बलता, चिंता व उत्थानदोष यांच्या तक्रारींना नरेंद्र नाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० मध्ये ‘धात लक्षणसमूह’ हे नाव दिले. अशा रुग्णास तपासणीत योगायोगाने अपस्फीती आढळली, तर सर्व तक्रारींचे खापर तिच्यावर फुटते. मग अनावश्यक शस्त्रक्रिया होते आणि तक्रारी तशाच राहतात.

शस्त्रक्रियेचे निर्देश व फल : जोडप्यास एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भधारणा झालेली नसणे, अपस्फीती हातास लागणे, रेततपासणीत दोष असणे आणि स्त्रीची प्रजननक्षमता प्राकृत किंवा उपचारसाध्य असणे, या गोष्टी एकत्र असतील तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. केवळ डॉप्लर तपासणीत दिसणारी, हातास न लागणारी अपस्फीती किंवा प्राकृत रेत असलेला पुरुष यांना तिची आवश्यकता नसते. शस्त्रक्रियेच्या उपयुक्ततेविषयी पुष्कळ काळ वाद होता व काही अभ्यासांत लाभ आढळला नव्हता. हातास लागणारी अपस्फीती व सदोष रेत असलेले रुग्ण निवडून जेद्दा येथे केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक गटांच्या चाचणीत मात्र एका वर्षात नैसर्गिक गर्भधारणा शस्त्रक्रिया केलेल्या गटात ३२·९%, तर न केलेल्या गटात १३·९% आढळली. शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सु. तीन महिने लागतात, म्हणून पहिली रेततपासणी त्यानंतर करतात. पत्नीचे वय अधिक असल्यास ही प्रतीक्षा न परवडणारी ठरू शकते व साहाय्यित गर्भधारणेचा पर्याय विचारात घ्यावा लागतो. [⟶ वंध्यत्व].

उत्थानदोष ही एकमेव तक्रार असेल, तर ही शस्त्रक्रिया हा तिचा प्रथमोपचार नव्हे. अशा वेळी मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू व मद्य यांचे सेवन, चालू असलेली औषधे आणि मानसिक ताण यांची आधी चौकशी करून सकाळच्या वेळी रक्तातील टेस्टोस्टेरोन तपासतात. त्याचे प्रमाण कमी आढळले, तरी अपत्य हवे असलेल्या पुरुषाने टेस्टोस्टेरोनाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) किंवा मलमे घेणे हानिकारक ठरते. बाहेरून मिळालेल्या हॉर्मोनामुळे पोष ग्रंथीची चेतना थांबते व शुक्राणुनिर्मिती बंद पडू शकते. व्यायामशाळांतून स्नायुवृद्धीसाठी विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइडांचा परिणामही असाच होतो. शक्तिवर्धक म्हणून घेतलेल्या औषधाने वंध्यत्व ओढवल्याची उदाहरणे वैद्यकास अपरिचित नाहीत.

उपद्रव व नंतरची काळजी : रक्तस्राव, जखमेत पू होणे, अंडवृद्धी व विकृतीची पुनरावृत्ती हे संभाव्य उपद्रव होत. रोहिणीस इजा होऊन वृषण आक्रसणे हा गंभीर उपद्रव आहे, पण तो विरळा घडतो. एका वृषणास इजा झाली, तरी दुसरे निरोगी असल्यास त्यातून पुरेसे टेस्टोस्टेरोन मिळते. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया करताना मात्र रोहिण्या राखण्याची विशेष काळजी घ्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मुष्कास आधार देणारे वस्त्र वापरतात. जड ओझे उचलणे काही आठवडे टाळतात. समागम जखम भरून वेदना थांबल्यावर, सामान्यतः दोन ते तीन आठवड्यांनी व शस्त्रवैद्याच्या सल्ल्याने सुरू करतात. प्रारंभी जाणवणारा ताण किंवा दुखरेपणा हा नपुंसकत्वाचा आरंभ नसतो. वाढती सूज, ताप, तीव्र वेदना किंवा काही महिन्यांनंतरही टिकून राहिलेला उत्थानदोष असल्यास पुन्हा तपासणी करून घेतात.

शस्त्रक्रियेपूर्वी पतिपत्नी दोघांना समोर बसवून शस्त्रक्रियेचा हेतू, मर्यादा व तिच्याकडून काय अपेक्षा ठेवू नये हे समजावून देणे हा उपचाराचाच भाग होय. पौरुष जाईल या भीतीने उपयुक्त शस्त्रक्रिया नाकारणारा आणि पौरुष वाढेल या आशेने अनावश्यक शस्त्रक्रिया करून घेणारा, अशा दोन्ही रुग्णांचे नुकसान त्यामुळे टळते.